कामगंध सापळा : मोजण्याचे साधन की मारण्याचे?
(कृषिविस्तारपर मराठी लेखनाची चिकित्सा : मालेच्या भातखाचरांच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

एकात्मिक कीड व्यवस्थापन ही संकल्पना मराठी शेतीविषयक लेखनात आता पुरती रुळली आहे. कृषी विभागाच्या घडीपत्रिका, कृषी विद्यापीठांच्या दैनंदिन्या, वृत्तपत्रांतील शेतीविषयक पाने आणि महाविद्यालयीन क्रमिक पुस्तके यांपैकी कोणतेही लेखन उघडले तरी त्यात कामगंध सापळ्याचा उल्लेख आढळतोच. पीक कापूस असो, हरभरा असो, तूर असो वा भात असो, ‘हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत’ अशा आशयाचे वाक्य शिफारशींच्या यादीत ठरलेल्या जागी येते. अनेकदा त्याच्या मागोमाग ‘सापळ्यात अडकलेले पतंग नष्ट करावेत’ असे दुसरे वाक्य येते आणि यादी पुढच्या कीटकनाशकाकडे वळते.

प्रस्तुत लेखाचा विषय ही दोन वाक्ये आहेत. त्यांत जे सांगितले आहे त्यापेक्षा जे गाळले आहे ते अधिक महत्त्वाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सापळ्यातील पतंग कोणी मोजायचे, किती दिवसांनी मोजायचे, तो आकडा कोठे लिहायचा आणि त्यावरून कोणता निर्णय घ्यायचा, या चार प्रश्नांना त्या वाक्यांत जागा नाही. परिणामी जे साधन प्रामुख्याने मोजमापासाठी शेतात आणले जाते, ते वाचकाच्या मनात कीड मारण्याचे साधन म्हणून ठसते. ही केवळ शब्दरचनेतील उणीव नाही. तिच्यामुळे शेतकऱ्याचा खर्च वाढतो, फवारणीची वेळ चुकते आणि एका उपयुक्त तंत्रावरील त्याचा विश्वास उडतो.

या विवेचनासाठी मुळशी तालुक्यातील माले या गावाच्या परिसरातील भातशेतीचा संदर्भ घेतला आहे. कामगंध सापळ्यांविषयीची बहुतेक चर्चा विदर्भ-मराठवाड्यातील कापूस आणि कडधान्ये डोळ्यांसमोर ठेवून होते. सह्याद्रीच्या कुशीतील लहान खाचरे, मुसळधार पाऊस आणि भाताच्या खोडात दडून बसणारी कीड यांचा विचार केला असता त्या चर्चेतील त्रुटी अधिक स्पष्टपणे दिसतात.

२. कामगंधाचे शास्त्र : काही आवश्यक बाबी

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये रेशीमकिड्याच्या मादीपासून ‘बॉम्बिकॉल’ हे द्रव्य वेगळे करून त्याची ओळख पटवली. त्यासाठी सुमारे पाच लाख मादी पतंगांच्या ग्रंथी वापराव्या लागल्या आणि जवळजवळ दोन दशकांचे परिश्रम खर्ची पडले. त्याच वर्षी पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी ‘फेरोमोन’ ही संज्ञा सुचवली. एकाच जातीच्या दोन प्राण्यांमध्ये निरोप पोहोचवणारे, शरीराबाहेर सोडले जाणारे द्रव्य, असा तिचा आशय आहे.

पुढील काळात पिकांवरील अनेक किडींच्या कामगंधांची घटकद्रव्ये निश्चित झाली. कापसावरील गुलाबी बोंडअळीचा कामगंध १९७३ मध्ये, तर भातावरील पिवळ्या खोडकिड्याचा १९८५ मध्ये उलगडला. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. हरभऱ्यावरील घाटेअळीच्या आणि भातावरील पिवळ्या खोडकिड्याच्या कामगंधातील प्रमुख द्रव्ये दोन आहेत आणि ती दोन्ही किडींत तीच आहेत. फरक आहे तो प्रमाणाचा. घाटेअळीत ते सुमारे ९७ : ३ असे असते, तर खोडकिड्यात सुमारे ३ : १. केवळ या प्रमाणावरून एका जातीचा नर आपली मादी ओळखतो आणि दुसऱ्या जातीचा नर तिकडे फिरकत नाही.

या उदाहरणातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की कामगंध हा अत्यंत नेमका निरोप आहे. प्रकाश सापळ्यात अनेक जातींचे नर-मादी पतंग आणि मित्रकीटकही येतात, तर कामगंध सापळ्यात मुख्यतः एकाच जातीचे नर येतात. दुसरा असा, की ल्यूर म्हणजेच आमिषाची गोळी पिकाप्रमाणे नव्हे, तर किडीप्रमाणे निवडावी लागते. घाटेअळीचे ल्यूर भाताच्या खाचरात लावले तर खोडकिड्याचा पतंग त्याकडे येणार नाही, आणि रिकाम्या सापळ्याचा अर्थ ‘कीड नाही’ असा लावला जाईल. चुकीचे ल्यूर हे ल्यूर नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते, कारण ते खोटा दिलासा देते.

३. संज्ञेची चिकित्सा

‘कामगंध सापळा’ ही संज्ञा मराठीत चांगली घडली आहे. ती अर्थवाही असून शेतकऱ्यांच्या तोंडी सहज बसली आहे. विस्तारपर लेखनाचे हे श्रेय मान्य करावयास हवे. तथापि, या संज्ञेतील ‘सापळा’ हा शब्द वापरणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा निर्माण करतो. उंदराचा सापळा उंदीर पकडण्यासाठीच असतो. सापळ्यात काही अडकले की काम झाले आणि जितके अधिक अडकेल तितका सापळा उत्तम, ही त्या शब्दाची नेहमीची समज आहे. कामगंध सापळ्याला तीच कसोटी लावली की सारा अर्थ उलटा होतो. सर्वेक्षणाच्या सापळ्यात पुष्कळ पतंग आले तर ती आनंदाची वार्ता नसते, ती धोक्याची सूचना असते. उलट सलग पंधरा दिवस सापळा रिकामा राहिला, तर तो निकामी ठरत नाही, ल्यूर योग्य व ताजे असल्यास त्याने फवारणीचा एक खर्च वाचवलेला असतो.

पर्जन्यमापक ठेवला म्हणून पाऊस पडत नाही आणि त्यातील पाणी ओतून टाकले म्हणून पूर ओसरत नाही. सर्वेक्षणासाठी लावलेल्या सापळ्याचे नाते पर्जन्यमापकाशी अधिक जवळचे आहे. विस्तारपर लेखनाने निदान एवढा भेद शब्दांनी दाखवणे आवश्यक होते. सर्वेक्षणासाठी ‘मोजणी सापळा’ आणि मोठ्या प्रमाणावर पकडण्यासाठी ‘पकड सापळा’ असे दोन शब्द वापरले, तरी अर्धी संदिग्धता दूर होईल.

४. तीन उपयोगांची गल्लत

कामगंधाचा पीकसंरक्षणात तीन प्रकारे उपयोग होतो. पहिला सर्वेक्षणासाठी, दुसरा नर पतंग मोठ्या संख्येने पकडण्यासाठी आणि तिसरा शेतभर कामगंध पसरवून नर-मादीच्या मीलनात व्यत्यय आणण्यासाठी. या तिन्हींचे तत्त्व, सापळ्यांची वा गंधस्रोतांची संख्या, क्षेत्राचा आकार आणि खर्च वेगवेगळे आहेत. पिवळ्या खोडकिड्यासाठी सर्वेक्षणाकरिता हेक्टरी ५ ते ८ सापळे आणि मोठ्या प्रमाणावर पकडण्याकरिता हेक्टरी २० सापळे अशा शिफारशी प्रचलित आहेत. परंतु घडीपत्रिकेत पहिल्या उपयोगाची संख्या दिली जाते आणि दुसऱ्या उपयोगाचे फळ सुचवले जाते. पाच सापळ्यांच्या खर्चात वीस सापळ्यांचे काम होईल, असा समज त्यातून तयार होतो.

हा समज का फसवा आहे, हे किडीच्या जीवनक्रमावरून कळते. सापळ्यात येतो तो नर. पीक खाणारी अळी अंड्यांतून येते आणि अंडी घालते ती मादी. एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो. त्यामुळे शेतातील निम्मे नर पकडले तरी अंड्यांची संख्या निम्मी होत नाही, उरलेले नर ती उणीव भरून काढतात. नरांचा फार मोठा हिस्सा, तोही मीलनापूर्वी, पकडला गेला तरच अंड्यांवर परिणाम दिसतो. शिवाय पतंगांची संख्या वाढली की शेतातील खऱ्या माद्या आणि सापळ्यातील ल्यूर यांच्यात स्पर्धा सुरू होते आणि सापळ्याची पकड तुलनेने घटते. म्हणजे ज्या वेळी मारण्याची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी हे साधन मारण्याच्या कामी दुबळे पडते. शेजारच्या शेतातून मीलन झालेली मादी उडून आली तर तिच्यावर सापळ्याचा काहीच परिणाम होत नाही, ही बाब वेगळीच.

याचा अर्थ पकडण्याचा उपयोग सर्वत्र निष्फळ आहे असा नाही. फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलकडे इतक्या तीव्रतेने ओढले जातात, की १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातील रोटा बेटावरून ती माशी याच तत्त्वाने समूळ नाहीशी करण्यात आली. कोकणात आंब्यासाठी वापरला जाणारा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा याच परंपरेतील आहे. मिथाइल युजेनॉल हे काटेकोर अर्थाने कामगंध नव्हे, ते वनस्पतींतही आढळणारे आकर्षक द्रव्य आहे. नारळावरील गेंड्या भुंग्याचा गंध समूहगंध असल्याने त्याच्या सापळ्यात नराबरोबर मादीही येते, म्हणून तेथे पकडण्याला अर्थ आहे. ही उदाहरणे महत्त्वाची आहेत, कारण ती अपवादाची कारणे स्पष्ट करतात. विस्तारपर लेखनात मात्र फळमाशीचा अनुभव बोंडअळीला आणि बोंडअळीचा खोडकिड्याला असा सरसकट लावला जातो. ‘सापळा’ हा एकच शब्द या साऱ्यांना कवेत घेतो आणि भेद पुसून टाकतो.

५. आकड्यांचे स्थलांतर

दुसरी त्रुटी आर्थिक नुकसानीच्या पातळीविषयीची आहे. गुलाबी बोंडअळीसाठी प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग तीन रात्री आढळल्यास उपाय योजावेत, ही शिफारस सुपरिचित आहे. घाटेअळीसाठी सलग दोन-तीन दिवस प्रति सापळा ८ ते १० पतंग अशी मर्यादा मराठी लेखनात रूढ आहे. या आकड्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या संदर्भहीन वापराला.

सापळ्यात येणाऱ्या पतंगांची संख्या केवळ किडीच्या संख्येवर अवलंबून नसते. ल्यूर किती जुने आहे, सापळा पिकाच्या शेंड्यापासून किती उंचीवर आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, रात्रीचे तापमान किती आहे, पाऊस पडला का, या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. तीन-चार आठवड्यांनी ल्यूर बदलावे लागते, आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो. जून महिन्यात लावलेला आणि सप्टेंबरपर्यंत हात न लावलेला सापळा जो आकडा देतो, तो किडीविषयी नसून ल्यूरच्या वयाविषयी असतो. म्हणून ‘८ पतंग’ या आकड्याला ल्यूरची तारीख, सापळ्याची उंची आणि पिकाची अवस्था यांची जोड नसेल, तर तो वाचता येत नाही.

त्याहून मूलभूत बाब अशी, की नर पतंगांची संख्या ही पिकाच्या नुकसानीचे थेट माप नव्हे. ती एक पूर्वसूचना आहे. तिच्यानंतर शेतात उतरून अंडी, अळ्या अथवा नुकसान पाहणे क्रमप्राप्त असते. गुलाबी बोंडअळीच्या शिफारशीतही पतंगांबरोबरच १० टक्के नुकसानग्रस्त फुले अथवा बोंडे हा निकष दिलेला असतो. परंतु सापळ्याचा आकडा मोजायला सोपा आणि बोंड फोडून पाहणे कष्टाचे, म्हणून पहिला निकष लक्षात राहतो व दुसरा मागे पडतो.

सरासरीचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. समजा, एका वाडीतील पाच सापळ्यांत एका रात्री अनुक्रमे ०, ०, १, ० आणि २४ पतंग आले. सरासरी ५ येते आणि ८ ची मर्यादा ओलांडली गेलेली नाही असा अहवाल जातो. प्रत्यक्षात चार ठिकाणी काहीही करण्याची गरज नाही आणि पाचव्या ठिकाणी दुसऱ्याच दिवशी पाहणी करणे अत्यावश्यक आहे. सरासरीने दोन्ही सत्ये झाकली. संख्याशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकाला परिचित असलेली ही गोष्ट विस्तारपर लेखनात मात्र क्वचितच सांगितली जाते.

६. मालेची खाचरे

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या अलीकडे माले हे गाव आहे. हा भाग भाताचा. १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह या खोऱ्यातील भातजमिनी धरणाच्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणूनच लढला गेला होता. उरलेल्या जमिनी उतारावर बांध घालून केलेल्या खाचरांच्या रूपात आहेत. खाचरे लहान, एका कुटुंबाची खाचरे अनेक ठिकाणी विखुरलेली आणि बांधाला बांध लागून शेजाऱ्याचे खाचर, अशी ही रचना आहे. इंद्रायणी आणि आंबेमोहर ही येथील ओळखीची भाते आहेत.

अशा ठिकाणी ‘हेक्टरी पाच सापळे’ या वाक्याचा अर्थ काय होतो, हे पाहणे उद्बोधक आहे. काही गुंठ्यांच्या खाचराला हेक्टरी पाच या हिशेबाने एक सापळाही पुरता येत नाही. प्रत्येकाने एक लावला तर ती संख्या शिफारशीच्या कितीतरी पुढे जाते, आणि कोणीच लावला नाही तर खोडकिड्याची चाहूल लागत नाही. पतंगाला बांध कळत नाही. तो एका खाचरातून दुसऱ्यात सहज जातो. म्हणून येथे सापळ्याचे एकक शेतकरी नसून वाडी अथवा खाचरांचा सलग पट्टा हेच असावयास हवे. शिफारस मात्र ‘शेतकऱ्याने लावावेत’ अशी व्यक्तीला उद्देशून केलेली असते.

खोडकिड्याचा जीवनक्रम पाहिला म्हणजे मोजणीचे महत्त्व अधिक पटते. मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि ती पिवळसर केसांनी झाकते. आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात आणि खोडात शिरतात. फुटव्याच्या अवस्थेत मधला पोंगा सुकतो, त्याला गाभेमर म्हणतात. लोंबी येताना अळी खोडात असेल तर लोंबी पांढरी व दाण्याविना राहते, तिला पळींज म्हणतात. गाभेमर दिसू लागते तेव्हा अळी खोडाच्या आत सुरक्षित असते आणि वरून केलेल्या फवारणीतील बराच भाग वाया जातो. म्हणजेच डोळ्यांना नुकसान दिसण्यापूर्वीची सूचना हाच येथे खरा लाभ आहे, आणि ती सूचना पतंगांच्या मोजणीतून मिळू शकते.

या सूचनेचा सर्वांत चांगला उपयोग कीटकनाशकासाठी नव्हे, तर ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकासाठी होतो. ट्रायकोग्रामा जापोनिकम ही सूक्ष्म गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते. तिची कार्डे शेतात लावण्याची शिफारस मराठी लेखनात असतेच. परंतु अंडी ताजी असताना कार्ड लागले तरच त्याचा उपयोग होतो, अळ्या खोडात शिरल्यावर ते व्यर्थ ठरते. पतंगांची संख्या चढू लागलेली पाहून लगेच कार्ड लावणे, हा सापळा आणि कार्ड यांना जोडणारा दुवा आहे. घडीपत्रिकांत ही दोन्ही साधने दोन स्वतंत्र क्रमांकांवर येतात आणि दुवा मात्र कोठेच येत नाही.

मोजलेल्या आकड्याचा अर्थ पिकाच्या अवस्थेनुसार बदलतो, हेही येथे स्पष्ट होते. आवणीनंतर लवकर आलेले थोडे गाभेमर नव्या फुटव्यांनी बऱ्याच अंशी भरून निघते, पळींज मात्र भरून निघत नाही. म्हणून ऑगस्टमधील दहा पतंग आणि पोटरीच्या वेळचे दहा पतंग समान मानता येत नाहीत. भातासाठी ५ टक्के गाभेमर अथवा प्रति चौरस मीटर एक अंडीपुंज हे निकष दिले जातात. सापळ्याने वेळ सांगावी आणि या निकषांनी निर्णय द्यावा, अशी ही विभागणी आहे.

पावसाचा प्रश्न तर या भागात टाळताच येत नाही. आषाढ-श्रावणात नरसाळ्याच्या सापळ्याच्या थैलीत पाणी साचते, पतंग कुजतात, चिकट सापळ्याचा चिकटपणा नाहीसा होतो. पंधरा दिवसांनी थैली उघडली तर आत मोजण्यासारखे काही उरत नाही. म्हणून आठवड्यातून किमान दोनदा मोजणी, थैलीतून पाणी निथळण्याची सोय आणि मुसळधार पावसाच्या रात्रींची वेगळी नोंद या गोष्टी मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यासाठी स्वतंत्रपणे सांगाव्या लागतील. कोरडवाहू प्रदेशासाठी लिहिलेली सूचना येथे जशीच्या तशी छापणे हे विस्तारकार्य नव्हे.

शेवटी, मोजणार कोण हा प्रश्न आहे. याच मुळशी तालुक्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. तरुण हात नोकरीकडे वळल्यावर खाचरांत उतरणारे हात थकलेले असतात. अशा वेळी पिकाला न लागणारी फवारणी टाळणे आणि लागणारी वेळेवर करणे ही चैन राहत नाही, ती शेती टिकवण्याची अट होते.

७. कापसाने दिलेला धडा

मोजणीची व्यवस्था उभी राहू शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, सुरू करण्यात आला. कीड सर्वेक्षकांनी गावोगाव नोंदी घ्यायच्या, त्या संगणकावर भरायच्या आणि त्यांवर आधारित सल्ला शेतकऱ्यांना भ्रमणध्वनीवरील संदेशाने द्यायचा, अशी त्याची रचना होती. पुढे त्यात भाताचाही समावेश झाला. कामगंध सापळ्यातील आकड्याला या प्रकल्पाने प्रथमच वही, वाचक आणि उत्तर दिले. या कार्याचे महत्त्व वादातीत आहे.

तरीही २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापसाचे अतोनात नुकसान केले. बीटी कापसाला २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या वाणांना २००६ मध्ये मान्यता मिळाली होती. गुलाबी बोंडअळीत निर्माण होत गेलेली प्रतिकारशक्ती त्याआधीच गुजरातमध्ये आढळली होती. हंगाम लांबवणे, पऱ्हाट्या शेतात ठेवणे, बिगर-बीटी कपाशीच्या ओळी न लावणे अशी कारणे एकत्र आली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या दुर्घटनेचा संबंध थेट सापळ्यांशी जोडणे चुकीचे ठरेल. संरक्षक साधनांचा अभाव, कीटकनाशकांची मिश्रणे, वाढलेले पीक अशी तिची कारणे अनेक आहेत. परंतु फवारणी कधी करू नये हे सांगणारे साधन हाताशी असताना त्याचा आकडा निर्णयापर्यंत पोहोचत नाही, याची किंमत काय असते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

याच किडीचे अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून उच्चाटन झाल्याचे २०१८ मध्ये घोषित करण्यात आले. तेथे बीटी वाण, वंध्य पतंगांचे प्रसारण, मीलनात व्यत्यय आणणारे कामगंध आणि पिकाच्या अवशेषांचा नाश हे उपाय एकत्र योजले गेले. त्या साऱ्यांना दिशा दिली ती वर्षानुवर्षे नियमितपणे मोजलेल्या सापळ्यांनी. तेथील शेतांचा आकार आणि यंत्रणा आपल्याकडे नाही, हे खरे. पण घेण्यासारखा धडा आकाराचा नसून सातत्याचा आहे.

८. काही आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की काही पतंग मेले तरी शेतकऱ्याचा फायदाच आहे, मग शब्दांचा काथ्याकूट कशाला? याचे उत्तर असे, की मारण्याच्या अपेक्षेने लावलेला सापळा ती अपेक्षा पूर्ण करीत नाही आणि पुढच्या वर्षी तो गोठ्याच्या आढ्याला लटकतो. चुकीच्या अपेक्षेमुळे योग्य उपयोगही गमावला जातो.

दुसरा आक्षेप असा, की घडीपत्रिकेत जागा थोडी असते, इतका तपशील तेथे मावणार नाही. परंतु ‘पतंग नष्ट करावेत’ या वाक्याऐवजी ‘आठवड्यातून दोनदा पतंग मोजून तारखेसह लिहावेत’ एवढे वाक्य तितक्याच जागेत मावते.

तिसरा आक्षेप असा, की छायाचित्रावरून पतंग मोजणारे स्वयंचलित सापळे येत आहेत, तेव्हा हाताने मोजण्याचा आग्रह कालबाह्य आहे. यंत्राने मोजणीचे कष्ट कमी होतील हे मान्य. मात्र ल्यूर कोणते, ते कधी बदलले, पीक कोणत्या अवस्थेत आहे आणि आकड्यावरून काय करावे, या प्रश्नांची उत्तरे यंत्र आपोआप देत नाही. मोजणीचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याला यंत्राचा आकडाही कळणार नाही.

९. समारोप

वरील चर्चेवरून असे म्हणता येईल, की कामगंध सापळ्याविषयीच्या मराठी विस्तारपर लेखनाने साधनाचा प्रसार केला, परंतु त्याच्या वाचनाची रीत शिकवली नाही. त्याने सर्वेक्षण व नियंत्रण यांची सरमिसळ केली, एका पिकाचे आकडे दुसऱ्या परिस्थितीत नेले आणि सूचना व्यक्तीला दिली, जेव्हा कीड सामुदायिक होती. या उणिवा दुरुस्त होण्यासारख्या आहेत. सर्वेक्षणाच्या आणि पकडण्याच्या शिफारशी वेगळ्या परिच्छेदांत द्याव्यात, प्रत्येक मर्यादेसोबत पिकाची अवस्था व शेतातील प्रत्यक्ष निकष द्यावा, अतिपावसाच्या पट्ट्यासाठी स्वतंत्र मजकूर असावा आणि प्रत्येक पत्रिकेच्या मागील बाजूस तारीख, पतंगसंख्या, ल्यूर बदलल्याचा दिवस, पाऊस व पिकाची अवस्था यांचे पाच रकाने छापावेत.

या कामी महाविद्यालयांचा वाटा लहान नाही. माले परिसरातील एका पट्ट्यात पाच सापळे, आवणीपासून कापणीपर्यंत, आठवड्यातून दोनदा मोजणे हे पदवीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे काम आहे. त्यात प्राणिशास्त्राला जीवनक्रम, रसायनशास्त्राला गंधद्रव्ये, संख्याशास्त्राला सरासरीची मर्यादा आणि मराठी विभागाला सूचनेची भाषा असे प्रत्येकाला आपापले काम आहे. सलग काही हंगामांच्या अशा नोंदी जमल्या, तर मुळशीच्या भातासाठी पुण्या-नागपुराहून आलेला आकडा उसना घ्यावा लागणार नाही, तो येथील खाचरांतूनच मिळेल. तोपर्यंत निदान पत्रिकेतील ‘नष्ट करावेत’ हे शब्द खोडून तेथे ‘मोजावेत’ असे लिहिणे आपल्या हाती आहे.